खुंटीपासून दहा फूट दोन इंच

“पालक का?” दार उघडणाऱ्या पोरीनं विचारलं. “ॲडमिशन बंद झालंय.”

“पालक न्हाई बाई. मॅडमला सांग, गंगाखेडहून माणिकराव आलाय. आरशावाला.”

“आरसे विकता का?”

“विकत न्हाई. तू सांग तर खरं.”

ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत पंधरा-वीस पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली आणि फळ्यावर गोल काढलेले. पहाटेच्या गाडीनं निघून, परभणीला एसटी बदलून मी जिंतूरला आलो होतो, ते फक्त एक वाक्य सांगायला. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी फोनवर सांगायला पाहिजे होतं. तेव्हा सांगितलं नाही आणि या बाईची नोकरी गेली. हैदराबादेत विमानातून काढलेली चित्रं सरळ करणारी बाई जिंतूरच्या गल्लीत बारावीच्या शिकवण्या घेत बसली.

“कोण आहे गं भक्ती?” म्हणत राजेश्री मॅडम बाहेर आल्या. हाताला खडू, केसात एक पांढरी बट. मला बघून दोन पावलं पुढं आल्या.

“माणिककाका! अहो, तुम्ही? इकडं कसे?”

आणि हसल्या. तेवढंच नको होतं. तोंड फिरवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“आलो असाच. मनकर्णानं डबा दिलाय. कालच्या येळवसाची भज्जी हाय.”

“अरे वा! वीस मिनिटं बसा हं काका, यांना सोडते आणि आलेच. भक्ती, काकांना पाणी दे.”

मी ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. मांडीवर डबा. आतून मॅडमचा आवाज येत होता, त्रिज्या आणि स्पर्शिका. वीस मिनिटं म्हणजे लय झाली. पळून जायला एक मिनिट पुरतं.

मी मोजणीच्या कामावरचा साखळी धरणारा माणूस. तीस वर्षं धरली. साखळी गेली, टेप आली. टेप गेली, मशीन आलं. धरणारा मात्र मीच. साहेब लोक कागदावर रेघ मारतात, पण ती रेघ जमिनीवर कुठं पडते हे धरणाऱ्यालाच कळतं. भावाभावांची डोकी फुटलेल्या बांधांवर मी उभा राहिलोय. रातोरात खुणेचा दगड सरकवणारे भलेभले पुढारी बघितलेत. मी त्यांना तोंडावर म्हणायचो, “दादा, दगड बोलत न्हाई म्हणून तुमी शेण खायलाव.” पुढाऱ्याला असं बोलायला छाती लागते. माझी होती, कारण माझा दगड कधी हलला नव्हता.

रिटायर झालो आणि सहा महिन्यांत हैदराबादच्या एका संस्थेची जीप गावात आली. गोदाकाठच्या जमिनीत ओल किती आहे ते विमानातून बघायचं होतं. नांदेडहून विमान उडणार, परळीला जाणाऱ्या रुळाच्या कडेकडेनं सरळ एक पट्टा धरून जाणार, आणि रडारनं चित्र काढणार. त्यांना जमिनीवर एक पक्का माणूस पाहिजे होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं.

त्यात या राजेश्री मॅडम. वय तिशीचं, आपल्या जिंतूरच्या. सगळे साहेब इंग्रजीत आणि या मध्येच मला विचारायच्या, “काका, जेवलात का?” जीपवर माऊली नावाचा ड्रायव्हर होता, गंगाखेडचाच, बोलण्याला लगाम नसलेला.

माझं काम आरशाचं. आरसा म्हणजे काचेचा नव्हे. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडलेले, एकेक बाजू मीटरभर. रडारची लाट त्यात शिरली की जशी आली तशी परत विमानाकडं जाते आणि चित्रात तेवढा एक पांढरा ठिपका उमटतो. पूर्ण पट्ट्यात असे तीन आरसे. एक वरच्या टोकाला, एक खालच्या, आणि मधला माझ्या रानात. मधल्यावरच सगळी मदार, असं मॅडम म्हणायच्या. मी विहिरीजवळच्या सपाट तुकड्यावर लोखंडी खुंटी ठोकली, मॅडमनी तिची जागा बोटभर चुकणार नाही अशी मशीननं घेतली, आणि बरोब्बर खुंटीवर आरसा बसवला.

“पण मॅडम,” मी एकदा जीपमध्ये विचारलं, “विमान तर वरून बघायलंय. त्याला माझ्या खुंटीचं काय पडलंय?”

त्यांनी रजिस्टर उलटं करून माझ्या हातात दिलं. “चालत्या गाडीत सही करा काका.”

मी करायला लागलो. आमच्याकडचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. ‘मा’ गेला डोंगरावर, ‘णिक’ गेला खड्ड्यात, ‘राव’ पार कागदाबाहेर. माऊलीनं गाडीच्या आरशातून बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

“विमानाचं असंच होतं,” मॅडम म्हणाल्या. “वारा ढकलतो, विमान डुलतं, आणि चित्र तुमच्या सहीसारखं फेंगडं येतं. पण गाडीला कुठं किती धक्का बसला हे कोणी लिहून ठेवलं असेल, तर सही मागाहून सरळ करता येते. मी तेच करते.”

“धक्के लिहितंय कोण?”

“विमानात एक यंत्र असतं. पण वारा जास्त असला की तेसुद्धा गोंधळतं. मग तुमचा आरसा लागतो. तो कुठं आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे. चित्रात तो तिथंच दिसला पाहिजे. बाजूला दिसला तर समजायचं, विमान तेवढं सरकलं.”

“म्हंजे विमान खोटं बोललं की माणिककाका पकडणार!” माऊली म्हणाला.

“तर काय! काका म्हणजे आपला खुणेचा दगड.”

आता खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी गावातून छाती काढून फिरलो.

विमान येळवसाच्या चार दिवसांनंतर उडायचं होतं. मी मनकर्णाला, म्हणजे माझ्या मंडळींना, तसं सांगितलंही होतं. पण येळवसाच्या आदल्या दिवशी सांजेला मॅडमचा फोन आला. पुढं आभाळ येणार आहे, उद्याच उडतोय, अकरा वाजता. मी सकाळी आधी खालच्या टोकाचा आरसा तपासायला गेलो, तिथल्या माणसाला कोन लागत नव्हता. घरी सांगायचं राहून गेलं. परत माझ्या रानात पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते.

येळवसाला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं सगळं गाव रानात असतं. कडब्याच्या पेंढ्यांचा कोप करायचा, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना भज्जी, उंडे, आंबिलीचा निवद दाखवायचा. आमचा कोप बापजाद्यांपासून विहिरीजवळच्या सपाट तुकड्यावर. आता कळलं का? माझी खुंटी तिथंच होती. विमान येळवसानंतर म्हणून मी निर्धास्त होतो.

कोप उभा होता. बरोब्बर खुंटीवर. आणि आरसा पलीकडं, उगवतीकडं तोंड करून, हळदीकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. समोर आंबिलीचं गाडगं.

“हे कुणी हलवलं?”

“मी आन् जाऊबाईनं,” मनकर्णा खुशीत म्हणाली. “जड हाय हो लय! अन् तुमी त्याला मावळतीकडं तोंड करून बसवलं व्हतं. सणाच्या दिशी कुणी उगवतीला पाठ करतंय का? बघा, आता कसा देव्हाऱ्यावानी दिसायलाय.”

घड्याळात दहा पन्नास. गाडगं बाजूला केलं, माळ काढली, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं. होकायंत्र लावून तोंड मावळतीला केलं, ओळंबा सोडून कोन धरला. सगळं जिथल्या तिथं, फक्त जागा नाही. जागेवर कोप होता. पूजा झालेली, पांडव बसलेले, आणि कोप एकदा पुजला की दिवस मावळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे मी आईच्या मांडीवर शिकलेलो. खुंटी ते आरसा, चार पावलं. म्हटलं, एवढ्या वरून जाणाऱ्या विमानाला चार पावलांचं काय? ठिपका चमकल्याशी मतलब.

तीस वर्षं ज्यानं लोकांना इंचासाठी कोर्टाची पायरी चढताना बघितलं, त्या माणसाच्या डोक्यात हा विचार आला. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अकराला विमान आलं. पोरंसोरं ओरडली, बायकांनी पदराआडून वर बघितलं. त्या दिवशी वरती वारा लय होता. विमान गेल्यावर मी बाभळीखाली बसून रजिस्टर लिहिलं. वेळ, दिशा, कोन. शेवटचा रकाना जागेचा. मी लिहिलं, ‘आरसा जागेवर.’ खाली सही. अक्षर सुरेख आलं.

सांजेला कोप मोडला आणि मला राहवेना. टेप आणून मोजलं. खुंटीपासून उगवतीला दहा फूट दोन इंच. मोजलं आणि आरसा उचलून परत खुंटीवर ठेवला.

नवव्या दिवशी फोन आला.

“काका, एक विचारायचं होतं. विमान तुमच्या रानावर होतं ना, नेमकं तेव्हा वाऱ्याचा मोठा झोत आला. यंत्र एक सांगतंय, तुमचा आरसा दुसरंच सांगतोय. दोघांतला एक चुकतोय. आरसा त्या दिवशी हलला होता का? कोणी गुरंढोरं, पोरं?”

तेवढा क्षण होता बघा. “हो मॅडम, येळवस होती, बायांनी हलवला, दहा फूट दोन इंच.” एवढं म्हणायचं होतं. आकडासुद्धा तोंडपाठ होता. पण रजिस्टरात मी ‘जागेवर’ लिहून बसलेलो. आणि मी खुणेचा दगड ना!

“न्हाई मॅडम,” मी म्हणालो. “जाग्यावरच व्हता.”

“नक्की?”

“आवो मी असताना हलंल का?”

“झालं मग,” त्या म्हणाल्या. आवाजात कसलीतरी सुटका होती. “तुम्ही म्हणता म्हणजे विषय संपला.”

मलाही वाटलं संपला. पुढं कुणी आलं नाही, आरसे कुणीतरी येऊन घेऊन गेलं, खुंटी राहिली. दोन वर्षांनी गंगाखेडच्या स्टँडवर माऊली भेटला. चहा पिता पिता म्हणाला, “राजेश्री मॅडमचं कळलं का काका? काढलं त्यांना.”

“आँ? का बरं?”

“आवो, त्यांनी सरळ केलेल्या चित्रात परळीचा रूळ वाकडा आला. ऐन तुमच्या गावापाशी. मोठ्या मीटिंगमधी पडद्यावर दाखवलं, सगळे हसले. एक साहेब म्हणाला, या बाईच्या हिशोबानं गाडी चालवली तर गोदावरीत जाईल. पुढं त्यांची पद्धतच बाजूला टाकली, मुदत वाढवली न्हाई. परदेशात निबंध वाचायला जाणार व्हत्या, तेबी गेलं.”

चहा माझ्या हातात तसाच राहिला. रूळ वाकडा आला नव्हता हो. रूळ मी वाकवला होता, दहा फूट दोन इंच.

तेव्हा तरी जायचं ना? नाही गेलो. आज जाऊ, उद्या जाऊ, कापूस झाला की जाऊ, असं करत अजून दोन वर्षं काढली. शरम एकदा शिळी झाली की माणूस तिच्यासकट जेवतो-झोपतो. खोटं नाही सांगत, झोपही लागायची.

काल पुन्हा येळवस होती. कोपात मनकर्णा पांडवांना चुना लावत होती. खुंटीचं डोकं अजून जमिनीवर चार बोटं दिसतं. तिनं त्यालाही चुना लावला.

“दर साली नांगर अडकतोय हिला,” ती म्हणाली. “काढून का टाकत न्हाई हो?”

आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. पहिल्यापासून. ती ऐकत होती, चुन्याचं बोट तसंच वर धरून. मी थांबलो तर म्हणाली, “म्हंजे माज्यामुळं?”

“तुज्यामुळं न्हाई गं. तुला काय ठावं व्हतं? पूजा झालेला कोप मोडायचा कसा, म्हणून मी…”

“मला इचारलं का तुमी?” ती एकदम भडकली. “पाच दगडं तर हायती! मीच उचलून पदरात घेऊन बसले असते की घटकाभर. पांडव बारा वर्सं वनात फिरले, त्यांना चार पावलं चालाया जड झालं असतं का?”

तिनं चुन्याचं बोट लुगड्याला पुसलं.

“आन् फोनवर कोपानं अडवलं व्हतं का तुमाला? शेण खाल्लं तुमी. परक्याच्या लेकीचं वाटुळं केलं. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघायचं. मी डबा भरून देते.”

माझंच वाक्य चारचौघांत पुढाऱ्यांना सुनावलेलं, ते माझ्याच कोपात माझ्यावर आलं.

वीस मिनिटं झाली. पोरं चपला शोधत बाहेर पडली. मॅडम पदर झटकत आल्या आणि समोर बसल्या. “हं, बोला काका. मावशी कशा आहेत? काय मोठं काम काढलंत?”

मी डबा खाली ठेवला. इकडचं तिकडचं बोललो असतो तर राहूनच गेलं असतं.

“मॅडम, आरसा हलला व्हता.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथंच अडकून राहिलं. मी येळवस सांगितली, कोप सांगितला, रजिस्टर सांगितलं.

“किती?” त्यांनी विचारलं.

“खुंटीपासून उगवतीला दहा फूट दोन इंच.”

“तीन मीटर दहा सेंटिमीटर,” त्या म्हणाल्या, लगेच. डोळे मिटले. “यंत्राच्या हिशोबानं आरसा तीन मीटर आठ सेंटिमीटर सरकलेला होता काका. ते बरोबर सांगत होतं. मी त्याला खोटं पाडलं.”

“मॅडम, मी…”

“थांबा. सगळे मला म्हणाले, आरसा हलला असेल. मोठे साहेबसुद्धा म्हणाले. आणि मी भांडले काका. भर मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, तिथं आमचे माणिककाका आहेत, त्यांनी तीस वर्षं बांध धरलेत, आरसा हलणार नाही. सगळे हसले तरी मी बसले नाही. एक फोन करायचा होता हो. अर्ध्या तासाचं काम होतं. आकडा घातला असता की रूळ सरळ झाला असता.”

मी हात जोडले. त्यांनी बघितलं नाही. मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही. म्हातारा माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर रडतोय म्हणून समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली.

मॅडम उठून आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. लावलं असतं तरी मी काही म्हणालो नसतो. पण त्या एक जुनी फाईल घेऊन आल्या. त्यात माझ्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स होती. चार वर्षं जपून ठेवलेली. वेळ, दिशा, कोन. ‘आरसा जागेवर.’ खाली माझी सही, सुरेख.

“याच्या खाली लिहा,” त्यांनी पेन पुढं केलं. “आत्ता सांगितलंत ते सगळं. तारीख आजची घाला.”

“यानं नोकरी मिळंल का परत?”

“नोकऱ्या अशा परत मिळत नाहीत काका. तिथं दुसरं कोणी बसलंय आता. पण ते चित्र अजून आहे त्यांच्याकडं. मी हे पाठवीन. निदान रूळ तरी सरळ होईल.”

मी डबा परत मांडीवर घेतला आणि कागद झाकणावर ठेवला. ‘आरसा जागेवर नव्हता,’ असं लिहायला घेतलं. ‘आ’ वर गेला, ‘नव्हता’ खाली घसरलं. दहा फूट दोन इंच लिहिताना दोनदा पेन अडकलं. सही करताना तर पार कागदाच्या कडेला गेलो. जीपमधल्या सहीसारखी झाली, हुबेहूब. आता खाली रस्ता नव्हता, खड्डा नव्हता, ओटा होता आणि खुर्ची होती.

“लय फेंगडं आलंय मॅडम,” मी म्हणालो. “दुसऱ्या कागदावर लिहून देऊ का?”

त्यांनी कागद घेतला. उजेडाकडं धरला आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला, सहीपर्यंत.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “वाचता येतंय, काका.”